धुराची तपासणी दरवर्षी, हँडलची १५ वर्षांनी

आपल्या देशात खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी ग्राह्य धरली जाते. या काळात तिच्या मालकाने ठरावीक मुदतीने एकच तांत्रिक प्रमाणपत्र घ्यावयाचे असते, ते म्हणजे प्रदूषण नियंत्रणाचे, अर्थात पीयूसी. बीएस-४ व त्यानंतरच्या गाड्यांसाठी ते वर्षातून एकदा लागते. ट्रक, बस, रिक्षा, टॅक्सी यांना योग्यता प्रमाणपत्राचे बंधन आहे. खासगी दुचाकीला ते लागू होते नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी, म्हणजे १५ वर्षे पूर्ण झाल्यावर. थोडक्यात, गाडीच्या नळीतून काय बाहेर पडते हे शासन दरवर्षी पाहते. पण तिचे हँडल ज्या बेअरिंगवर फिरते ते बेअरिंग शाबूत आहे की नाही, हे पाहण्याची कायदेशीर गरज १५ वर्षे उद्भवत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील जवळपास निम्म्या कुटुंबांकडे दुचाकी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. यांपैकी किती मृत्यू सदोष हँडलमुळे झाले, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे विश्वासार्ह उत्तर देता येईल अशी तपासणीची पद्धतच आपण रुजवलेली नाही, आणि माझ्या तक्रारीचा एक भाग नेमका हाच आहे. दुसरा भाग विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना उद्देशून आहे. हँडलच्या बेअरिंगचा दोष ओळखणे हे कारागिराच्या अंदाजावर सोडून देण्याजोगे काम नव्हे. ते पदवीच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राने पूर्णपणे हाताळता येणारे, मोजता येणारे आणि पडताळता येणारे काम आहे.

हा भाग कोणता, ते प्रथम पाहू. मोटरसायकलच्या सांगाड्याच्या पुढच्या टोकाला एक तिरपी नळी असते. तिच्यातून जाणाऱ्या दांड्यावर पुढचा सारा भाग, म्हणजे हँडल, फोर्क आणि चाक, डावी-उजवीकडे वळतो. नळीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बेअरिंगे या दांड्याला धरून ठेवतात. आपल्याकडील बहुसंख्य साध्या गाड्यांत ती सुट्या पोलादी गोळ्यांची असतात. गोळ्या वरच्या व खालच्या वाट्यांमध्ये फिरतात. गॅरेजमध्ये या जोडीला 'कोनसेट' म्हणतात आणि फोर्क धरणाऱ्या आडव्या पट्टीला 'टी'. काही गाड्यांत गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असतात.

या बेअरिंगचे आयुष्य इतर बेअरिंगांहून वेगळे असते. चाकाचे बेअरिंग अखंड फिरते. त्यामुळे भार सगळ्या गोळ्यांवर आणि वाटीच्या सगळ्या परिघावर वाटला जातो, आणि वंगणही सतत पसरत राहते. हँडलचे बेअरिंग मात्र बहुतांश वेळ सरळ दिशेच्या दोन-चार अंशांच्या आतच किंचित हलत असते. प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक, प्रत्येक जोराचा ब्रेक याचा धक्का त्याच गोळ्यांमधून वाटीच्या त्याच बिंदूंवर पोहोचतो. एका गोळीचा वाटीशी असलेला संपर्क अतिशय लहान क्षेत्रावर होत असल्याने तेथील ताण प्रचंड असतो. धक्का पुरेसा मोठा असेल तर पोलाद कायमचे दबते आणि खळगा पडतो. कठीणपणा मोजण्याची पद्धत देणारे स्वीडिश अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल यांच्या नावावरून या प्रक्रियेला 'ब्रिनेलिंग' म्हणतात.

परंतु बहुतेक जुन्या कोनसेटमध्ये आढळणारे खळगे एवढ्या सरळ मार्गाने झालेले नसतात. सूक्ष्म कंपनांमुळे गोळीखालचे वंगण हळूहळू बाजूला सारले जाते, धातू धातूला घासू लागतो, झिजेचे कण गंजतात आणि तेच कण पुढे घासकाम करतात. याला 'आभासी ब्रिनेलिंग' म्हणतात. दोन्हींमधला फरक भिंगाखाली दिसतो. खऱ्या दाबखुणेत कारखान्यातील घासणीच्या मूळ रेषा खळग्याच्या तळाशी शिल्लक असतात, कारण तेथील धातू फक्त दबलेला असतो. आभासी प्रकारात त्या रेषा नाहीशा होतात आणि भोवती तांबूस-तपकिरी भुकटी आढळते. हा तपशील लक्षात ठेवावा. अपघाताच्या तपासाशी त्याचा थेट संबंध आहे.

आता या भागावर किती बल येते त्याचा ढोबळ अंदाज घेऊ. गाडी आणि चालक मिळून २२० किलो धरा. ताशी वेगात सेकंदामागे सुमारे ५ मीटर प्रतिसेकंद इतकी घट होईल असा, म्हणजे ०.५ जी इतका, ब्रेक केवळ पुढच्या चाकाने लावला, तर रस्ता चाकाला सुमारे १,०८० न्यूटन बलाने मागे ढकलतो. खालचे बेअरिंग जमिनीपासून सुमारे ०.७५ मीटर उंच आहे, म्हणून त्याभोवतीचे आघूर्ण साधारण ८१० न्यूटन-मीटर. याच्या उलट दिशेने जमिनीची उभी प्रतिक्रिया काम करते, कारण चाक जमिनीला जेथे टेकते ती जागा बेअरिंगच्या सुमारे २७ सेंटिमीटर पुढे असते. ब्रेक लावताना पुढच्या चाकावरचा भार वाढून अंदाजे १,४७० न्यूटन होतो आणि त्याचे आघूर्ण सुमारे ४०० न्यूटन-मीटर. उरलेले ४१० न्यूटन-मीटर दोन बेअरिंगांनी तोलावयाचे. त्यांच्यातील अंतर सुमारे १८ सेंटिमीटर. म्हणजे वरच्या बेअरिंगवर आडवे बल येते सुमारे २,३०० न्यूटन, जवळजवळ २३० किलो वजनाइतके.

या हिशोबात बलाच्या आकाराहून त्याची दिशा अधिक बोलकी आहे. गाडी नुसती उभी असताना ब्रेकचे बल शून्य असते, फक्त जमिनीची उभी प्रतिक्रिया असते, आणि ती फोर्कला पुढच्या बाजूला रेटते. ब्रेक जोरात लावताच निव्वळ आघूर्णाची दिशा उलटते आणि फोर्क मागे रेटला जातो. बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर दांडा ती ढिलाई ओलांडून एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटतो. पुढचा ब्रेक लावताना हाताला जाणवणारी 'टक' ती हीच. हे लक्षण नेमके ब्रेकच्या क्षणीच का येते, हे एकदा समजले की ते पाठ करावे लागत नाही.

सदोष हाताळणीच्या तक्रारी गॅरेजमध्ये बहुधा एकाच वाक्यात मांडल्या जातात, 'हँडल हलते.' या एका वाक्यात किमान तीन वेगवेगळ्या घटना दडलेल्या असतात. त्यांना मी थरथर, डोल आणि भरकट अशी नावे देतो.

दुचाकीच्या स्थिरतेचा गणिती अभ्यास जुना आहे. फ्रान्सिस व्हिपल यांनी १८९९ साली सायकलची समीकरणे मांडली. मोटरसायकलसाठी निर्णायक ठरला तो रॉबिन शार्प यांचा १९७१ चा शोधनिबंध. टायरच्या बाजूच्या घसरणीचा विचार करून त्यांनी दाखवले की सरळ जाणाऱ्या मोटरसायकलच्या हालचालीत तीन मूलभूत प्रकार महत्त्वाचे असतात. त्यांतील एक म्हणजे एका बाजूला संथपणे कलणे. उरलेली दोन म्हणजे वॉबल आणि वीव्ह, आपल्या भाषेत थरथर आणि डोल.

थरथरीमध्ये फक्त पुढचा भाग आपल्या अक्षाभोवती झपाट्याने हलतो, सेकंदाला साधारण ६ ते १० वेळा. तिची वारंवारिता गाडीच्या वेगाप्रमाणे फारशी बदलत नाही. डोलामध्ये संपूर्ण गाडी सापासारखी नागमोडी हलते, मागचा भागही सामील असतो, आणि वारंवारिता असते सेकंदाला साधारण २ ते ४. हा प्रकार जास्त वेगात त्रासदायक ठरतो. म्हणजे कंपन मोजले की संशयित अर्धे होतात. सेकंदाला आठ वेळा हलणाऱ्या हँडलचा उगम बहुधा पुढे शोधावा: पुढचा टायर, त्यातील हवा, चाकाचा समतोल, कोनसेट. सेकंदाला तीन वेळा डोलणाऱ्या गाडीचा उगम बहुधा मागे: मागचा टायर, मागचे शॉक, मागचे चाक धरणाऱ्या आर्मचे बुश, आणि मागे लादलेले ओझे. उत्तर भारतात दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवून जाणारी मोटरसायकल किंवा कोणत्याही शहरात पाठीमागे उंच पेटी बांधून घरपोच सेवा देणारा तरुण पाहा. या ओझ्याने पुढच्या चाकावरचा भार घटतो, मागचे जडत्व वाढते आणि डोल शमण्याची क्षमता कमी होते. अशा गाडीचा कोनसेट कितीही वेळा बदलला तरी दोष हटणार नाही.

तिसरा प्रकार भरकट. गाडी ताशी १५ ते ३० किलोमीटरने चालवताना सरळ रेषा धरत नाही. किंचित डावीकडे जाते, चालक सावरतो, मग किंचित उजवीकडे जाते. येथे शार्प यांच्या कंपनप्रकारांची गरज नाही. चालत्या दुचाकीचा तोल हा अखंड चाललेल्या बारीक दुरुस्त्यांचा परिणाम असतो. गाडी उजवीकडे कलली की पुढचे चाकही किंचित उजवीकडे वळते आणि टेकू पुन्हा वजनाखाली येतो. या दुरुस्त्या काही अंशी गाडी स्वतः करते, काही अंशी चालक नकळत करतो, आणि त्यांना लागणारी आघूर्णे लहान असतात. बेअरिंगच्या वाटीत सरळ दिशेलाच खळगे पडले असतील, तर गोळ्या तेथे अडकून बसतात. लहान आघूर्ण खळग्यातच विरते, कल वाढतो, मग गोळ्या एकदम खळग्याबाहेर येतात आणि हँडल गरजेपेक्षा जास्त वळते. दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागते आणि हे चक्र थांबत नाही. कोनसेट गरजेपेक्षा जास्त आवळला असला, तरी हेच घडते. चालकाला वाटते की रस्ता वाईट आहे, टायर घासला आहे किंवा आपलाच हात स्थिर नाही.

येथपर्यंत आपण लक्षणावरून तर्क केला. आता तर्काची परीक्षा. चाकाचा समतोल बिघडला असेल तरीही हँडल थरथरते आणि ढिला कोनसेट असेल तरीही. दोघांना वेगळे कसे करावे? साध्या गाडीच्या पुढच्या टायरचा परिघ सुमारे १.९ मीटर असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला ५.८ फेरे घेते, ताशी ६० ला ८.८. म्हणजे चाकाच्या असमतोलाने होणारे कंपन वेगाबरोबर प्रमाणात वाढते, तर हँडलची स्वतःची थरथर जवळपास तीच राहते. दोन वेगांना वारंवारिता मोजा; ती वेगाच्या प्रमाणात बदलली तर चाक किंवा टायर दोषी, न बदलली तर हँडलची चौकट दोषी. अनेक गाड्यांचे हँडल ताशी ४० ते ६० च्या दरम्यानच का थरथरते, याचेही उत्तर याच आकड्यांत आहे. त्या वेगांना चाकाच्या फेऱ्यांची वारंवारिता थरथरीच्या पट्ट्यात शिरते आणि अनुनाद होतो. चाकातील थोडासा असमतोल सगळ्याच गाड्यांत असतो. पण हँडलमधील घर्षण योग्य असेल तर तो दडून राहतो. कोनसेट ढिला झाला की तोच उघडा पडतो. अशा वेळी दोष दोन ठिकाणी असतो, हेही ध्यानात घ्यावे.

हे मोजमाप करण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. आज जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशातील फोनमध्ये त्वरणमापक असतो आणि बहुतेकांमध्ये घूर्णनमापकही. जर्मनीतील आखेन विद्यापीठात तयार झालेले 'फायफॉक्स' हे ॲप विनामूल्य आहे आणि ते या संवेदकांच्या नोंदी साठवून त्यांची वारंवारिताही काढून देते. फोन हँडलवर घट्ट बसवावा, नोंद आधी सुरू करावी, मोकळ्या सरळ रस्त्यावर दोन्ही हात हँडलवर ठेवून गाडी चालवावी आणि आलेख घरी येऊन पाहावा. हँडल सोडून 'थरथर येते का पाहू' असा प्रयोग रस्त्यावर कदापि करू नये. त्याची काहीही गरज नाही.

यात एक सापळा आहे आणि तो विद्यार्थ्यांसाठी धड्यासारखा आहे. फोन सेकंदाला १०० नोंदी घेत असेल, तर ५० हर्ट्झपेक्षा वेगवान कंपन त्याला खऱ्या रूपात दिसत नाही. इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर असेल तर त्याचे मुख्य कंपन सुमारे ९२ हर्ट्झ असते. ते आलेखात ८ हर्ट्झच्या रूपात अवतरू शकते, म्हणजे बरोबर थरथरीच्या पट्ट्यात! निरोगी कोनसेट मग आजारी ठरेल. उपाय सोपा आहे: फोन देत असेल तर नोंदींचा वेग वाढवावा, आणि तोच वेग वेगळ्या गिअरमध्ये ठेवून पुन्हा मोजावे. इंजिनाच्या फेऱ्या बदलताच जे शिखर सरकते ते इंजिनाचे. जे जागचे हलत नाही त्याचा विचार करावा.

उभ्या गाडीवरच्या दोन परीक्षाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. गाडी डबल स्टँडवर घ्यावी आणि मागे कोणाला तरी भार देण्यास सांगून पुढचे चाक अधांतरी ठेवावे. पहिली परीक्षा ढिलाईची. फोर्कची खालची टोके दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकलावीत आणि त्याच वेळी दुसऱ्याने खालची टी व सांगाड्याची नळी यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवावे. हालचाल तेथे जाणवली तर कोनसेट ढिला. फोर्कच्या दोन नळ्या एकमेकींत सरकतात तेथे जाणवली तर फोर्कचे बुश झिजलेले. दुसरी परीक्षा खळग्याची. हँडल दोन बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवावे. सरळ दिशेला ते स्वतःहून 'बसत' असेल तर वाटीत खळगे आहेत. केबल, ब्रेकची नळी किंवा वायरिंगचा ताणही हँडल अडवतो. पण तो ताण बहुधा टोकांकडे वाढत जातो, ऐन मध्यावर खाच तयार करीत नाही. बोटांवर विश्वास नसेल तर हँडलच्या टोकाला साधा ताणकाटा अडकवून हँडल हलू लागण्यास किती बल लागते ते सरळ दिशेला आणि त्याच्या दहा अंश बाजूला मोजावे. अक्षापासून ३५ सेंटिमीटरवर ३ न्यूटन, म्हणजे ३०० ग्रॅम वजनाइतके बल, सुमारे १ न्यूटन-मीटर आघूर्ण देते. मध्यावरचे वाचन बाजूच्या वाचनाहून स्पष्टपणे जास्त आले, तर वादाला जागा उरत नाही. आणि गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर कोनसेटकडे वळण्याआधी वाकलेला फोर्क, चाकांची रेषा आणि टायरची एकांगी झीज तपासावी. खळगे सहसा कोणतीही एक बाजू निवडत नाहीत.

आता गॅरेजमध्ये प्रत्यक्षात काय होते ते पाहा. 'हँडल हलते' असे सांगताच कारागीर नट आवळतो. टक थांबते, थरथर कमी होते, गिऱ्हाईक समाधानाने जाते. पण वाटीत खळगे असतील तर आवळण्याने ते बुजत नाहीत. खळग्यात गोळी खोल बसते. त्यामुळे मध्यावर ढिलाई शून्य केली की बाजूला वळवताना बेअरिंग जाम होते, आणि बाजूला मोकळे ठेवले की मध्यावर ढिलाई राहते. योग्य आवळ अस्तित्वातच नसतो. शार्प यांच्या विश्लेषणातूनही असाच इशारा मिळतो: हँडलवरील अवमंदन वाढवल्याने थरथर शमते, पण जास्त वेगातील डोल मात्र बळावतो. एका लक्षणावरचा उपाय दुसऱ्या लक्षणाचे कारण ठरतो. म्हणून खळगे सापडले की वाट्यांसह पूर्ण संच बदलणे हाच उपाय. नुसत्या गोळ्या बदलणे व्यर्थ, कारण खळगा वाटीत आहे. हा संच साध्या गाड्यांसाठी काही शे रुपयांत मिळतो.

मी कारागिरांना दोष देत नाही. कित्येक कारागिरांच्या बोटांत ताणकाट्याहून सूक्ष्म जाण असते. दोष आहे तो त्या जाणिवेला मोजमापाची आणि नोंदीची जोड न देणाऱ्या व्यवस्थेचा. नव्या गाडीबाबत आपण बरेच पुढे आलो आहोत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेकप्रणाली किंवा एबीएस, आणि त्यावरील गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे. पुणे, मानेसर, चेन्नई, इंदूरजवळ पिथमपूर येथे वाहनचाचणीच्या उत्तम सुविधा आहेत. पिथमपूरच्या नॅट्रॅक्सची वेगधावपट्टी ११.३ किलोमीटर लांब आहे. पण हे सारे विज्ञान गाडी विकली जाण्याच्या क्षणी थांबते. त्यानंतर ती गाडी १५ वर्षे खड्ड्यांतून जाते आणि तिच्यावर विज्ञानाची नजर पुन्हा पडत नाही.

मग दुचाकींसाठीही वार्षिक तपासणी सक्तीची करावी काय? माझे मत सध्या तरी नकारार्थी आहे. कोट्यवधी दुचाकी, अपुरे निरीक्षक आणि प्रमाणपत्र विकत मिळण्याची भीती पाहता, सक्तीचा भार रोज गाडीवर पोट असणाऱ्या माणसावर पडेल आणि बेअरिंग मात्र तसेच राहील. केवळ कागद वाढवणारी सुधारणा मला नको आहे. मात्र सक्तीवाचून तीन गोष्टी करता येतील.

पहिली: प्रत्येक सर्व्हिसिंगच्या पावतीवर हँडलच्या दोन परीक्षांचे निकाल लिहिले जावेत, 'ढिलाई आहे किंवा नाही' आणि 'मध्यावर खाच आहे किंवा नाही'. 'कोनसेट आवळला' ही नोंद पुरेशी मानू नये. का आवळला हेही लिहिलेले असावे. यासाठी दोन मिनिटे लागतात. ग्राहकाने मागितले तर हे उद्यापासून होऊ शकते.

दुसरी: औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत दुचाकी दुरुस्ती शिकणारा विद्यार्थी आणि महाविद्यालयात दोलनांचा धडा शिकणारा विद्यार्थी यांची गाठ पडावी. आपल्या प्रयोगशाळांत अवमंदित दोलन अजूनही बहुतांशी लोलकावर आणि स्प्रिंगवर शिकवले जाते. त्यात वाईट काही नाही; पण महाविद्यालयाच्या वाहनतळात डझनावारी दुचाकी उभ्या असताना अनुनाद, अवमंदन आणि नोंदीच्या वेगाची मर्यादा हे तिन्ही विषय त्यांच्यावर शिकवता येतात. निष्कर्ष चुकला तर तो लगेच उघडा पडतो, कारण शेवटी कोणीतरी बेअरिंग खोलून पाहतो. पाठ्यपुस्तकातील किती प्रश्नांना असे उत्तर मिळते?

तिसरी: अपघातानंतरचा तपास. मोटार वाहन निरीक्षक अपघातग्रस्त गाडी पाहतो, तेव्हा हँडलची नळी बहुधा टकरीने वाकलेली असते आणि 'बिघाड आधीचा की टकरीचा' हा प्रश्न सोडून दिला जातो. वर सांगितलेला तपशील येथे कामी येतो. टकरीच्या एकाच आघाताने पडलेल्या दाबखुणेत घासणीच्या रेषा शिल्लक असतात. वर्षानुवर्षांच्या कंपनाने झिजलेल्या खळग्यात त्या नसतात. भिंग, स्वच्छ फडके आणि खोललेला कोनसेट एवढ्यावर निदान प्राथमिक उत्तर मिळू शकते. निवडक जिल्ह्यांत जरी अशी तपासणी काटेकोरपणे झाली, तरी किती अपघातांत बेअरिंग आधीच सदोष होते याचा पहिला प्रामाणिक अंदाज आपल्या हाती येईल. तोवर 'चालकाचे नियंत्रण सुटले' हे वाक्य पंचनाम्यांत लिहिले जात राहील. नियंत्रण का सुटले, हा पुढचा प्रश्न विचारला जात नाही, आणि जो माणूस उत्तर देऊ शकला असता तो अनेकदा हयात नसतो.

आपल्या देशातील विज्ञानवार्ता आकाशाकडे पाहतात याचा मला आनंदच आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा मीही इतरांइतकाच हरखलो होतो. त्या यशामागे जी सवय होती ती मात्र कोनसेटलाही लागू पडते: प्रत्येक सांध्याची परीक्षा घेणे, प्रत्येक बिघाडाला कारण शोधणे आणि कारण पटले तरी ते मोजून पाहणे. ही सवय अंतराळयानासाठी राखीव ठेवावी असे काही तिच्यात नाही.

विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात घरातील दुचाकी डबल स्टँडवर घ्या आणि वरच्या दोन परीक्षा करून पाहा. मध्यावर खाच लागली तर ताणकाट्याची वाचने लिहून ठेवा, संच बदलून घ्या आणि जुन्या वाट्या गॅरेजमध्ये सोडून न देता मागून आणा. त्या पुसून भिंगाखाली धरा. खळगे कोठे आहेत, किती आहेत, एकमेकांपासून सारख्या अंतरावर आहेत का, तळाशी रेषा दिसतात का, हे पाहा आणि बदलानंतरची वाचने आधीच्या वाचनांशेजारी लिहा. तुमची ही नोंद लहान असेल, पण सध्या आपल्याकडे तेवढीही नाही.